बारक्या वाढला का नाही

डॉ. शिल्पा : कुत्र्याच्या तोंडापाशी हात नेऊ नका, काका. आधी मला हातमोजे घालू द्या.

हणमंतराव : सकाळधरनं मीच धरून बसलोय, मॅडम. आता काय नवं व्हायचंय?

डॉ. शिल्पा : त्याची लाळ तुमच्या एखाद्या जखमेला लागली?

हणमंतराव : माझ्या न्हाई. नातीच्या. ह्यो झटके देऊन ऱ्हायला अन् साक्षी उचलाया गेली. बोटात दात घुसला.

शिवकन्या : सहा वर्षांची हाय मॅडम माझी पोरगी. बाहेर जीपमधी हाय, तिच्या पप्पाजवळ. गावात समदे म्हणून राहिलेत, बारक्या पिसाळला. खरं सांगा, पिसाळलाय का?

डॉ. शिल्पा : बोट कशानं धुतलं?

शिवकन्या : धुतलं न्हाई. हळद दाबली.

डॉ. शिल्पा : हा साबण घ्या. बाहेर नळ आहे. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, रडली तरी सोडायचं नाही. तिथून सरळ सरकारी दवाखान्यात. कुत्रं पिसाळलेलं असो नसो, पहिली सुई आजच.

हणमंतराव : पळ, सूनबाई. आदिनाथला सांग अन् माघारी ये.

डॉ. शिल्पा : काका, ह्याला रेबीजची लस दिली होती?

हणमंतराव : न्हाई. घरचं कुत्रं, साखळीला बांधलेलं. म्हणलं, कशाला. लई मोठी चूक झाली.

डॉ. शिल्पा : तीन-चार महिन्यांचा असेल ना?

हणमंतराव : कुठलं वो! दहा महिन्यांचा हाय. बसवजयंतीच्या आदल्या दिशी कुत्री व्याली. कारवानी जात, उंच शिकारी कुत्र्याची. सात पिल्लं झाली, सहा ताडमाड. ह्येचे भाऊ माझ्या मांडीला लागत्यात. ह्यो एकटाच असा.

डॉ. शिल्पा : आईबाप उंच? जंतांचं औषध दिलंय?

हणमंतराव : दोघं उंच. औषध दोनदा दिलं.

डॉ. शिल्पा : आईचं दूध कमी मिळालेलं पिल्लू पुढं भरून काढतं. ह्यानं काढलं नाही. झटके आजच आले?

हणमंतराव : महिना झाला. भिंतीला डोकं लावून उभा ऱ्हातो, लाळ गळती. दुसऱ्या दिशी बघावं तर चांगला. दूध पितो, साक्षीमागं पळतो.

डॉ. शिल्पा : चांगला होतो? नक्की?

हणमंतराव : हाव. लई येळा.

डॉ. शिल्पा : पिसाळलेलं कुत्रं असं बरं होत नाही. पण नुसतं बघून मी शब्द देणार नाही. प्रश्न पोरीच्या जिवाचा आहे.

शिवकन्या : हे धुवून राहिले बोट. तिथूनच नेतेत दवाखान्यात. पोरगी लई रडून राहिली, मॅडम.

डॉ. शिल्पा : रडू द्या. आता दोघंही आठवून सांगा, झटके कोणत्या दिवशी आले?

हणमंतराव : रविवारी आला, मी मठातनं आलो तवा. त्येच्या आधी बुधवारी. आज परत बुधवारच की.

डॉ. शिल्पा : त्या दिवशी काय खाल्लं होतं?

हणमंतराव : दूध-भाकर. लिंगायताचं घर हाय आमचं, दुसरं काय शिजतंय?

डॉ. शिल्पा : ताई?

शिवकन्या : दूध-भाकरच.

डॉ. शिल्पा : नीट ऐका. मांस खाल्ल्यावर असं होत असेल, तर हा आजार वेगळाच असू शकतो. नसेल, तर मला हा पिसाळलाय असंच धरावं लागेल.

हणमंतराव : काठ्या घेऊन दारात उभे हायेत गावातले. मीच म्हणलं, आधी दाखवून आणतो.

शिवकन्या : मामा, तुम्ही जरा बाहेर जाता?

हणमंतराव : का गं?

शिवकन्या : न्हाई. राहू द्या. ऐका तुम्ही बी. बुधवारी अन् रविवारी मी त्याला कोंबडीची कलेजी घालते. शेजारची पुनम शिजवून देती. गोठ्यामागं नेऊन घालते.

हणमंतराव : तू? तुझ्या हातानं?

शिवकन्या : माझ्या हातानं. मंग न्हाऊन चुलीपाशी जाते. तुम्ही म्हणला व्हता, ह्यो जातीचं नाव घालवून राहिला, पाडव्याला धनगराला देऊन टाकू. साक्षी दोन दिवस जेवली न्हाई. पुनम म्हणली, कलेजीनं कुत्रं झपाट्यानं वाढतंय. मामा, काहीतरी बोला.

हणमंतराव : मॅडमला बोलू दे.

डॉ. शिल्पा : आतड्यातलं रक्त आधी लिव्हरमध्ये जाऊन साफ होतं. काही पिल्लांना जन्मतःच एक जादा नस असते. रक्त लिव्हरला सोडून परस्पर पुढं जातं. लिव्हर नीट वाढत नाही, म्हणून अंगही वाढत नाही. अन् मांस पचताना जे विष तयार होतं, ते तसंच डोक्यात चढतं. मला तोच संशय आहे.

शिवकन्या : म्हंजे मीच विष घातलं त्याला.

डॉ. शिल्पा : तुम्हाला काय माहीत? सांगितलंत, हे बरं केलंत. पण खात्री अजून नाही. हा दहा दिवस माझ्या पिंजऱ्यात राहील. पिसाळलेला असेल तर तेवढे दिवस जगणार नाही. तोवर साक्षीची एकही सुई चुकवायची नाही.

(दहा दिवसांनी, फोनवर.)

शिवकन्या : मॅडम, शिवकन्या बोलते. हाय का तो?

डॉ. शिल्पा : आहे. मघाशी माझ्यावरच भुंकला. पिसाळलेला नव्हता, ताई. सोनोग्राफीत ती नस दिसली.

शिवकन्या : परत सांगा, मॅडम.

डॉ. शिल्पा : पिसाळलेला नव्हता. साक्षी कशी आहे?

शिवकन्या : तीन सुया झाल्या. दहा दिवस झाले, ती पाणी पिताना मी तिच्या गळ्याकडं बघत बसते. घोट खाली उतरला की मंग माझा श्वास सुटतो.

डॉ. शिल्पा : आता नका बघू. उरलेल्या सुयांचं डॉक्टरांना विचारा, मनानं बंद करू नका. बारक्याला पथ्य अन् औषध चालू ठेवायचं. जमलं तर मोठ्या शहरात ऑपरेशन होतं. उंची मात्र फारशी वाढायची नाही. काका बोलतात का तुमच्याशी?

शिवकन्या : पाच दिवस न्हाई बोलले. मंग एका दुपारी म्हणले, पोरीला जेवू घाल. हितंच हायेत, देते.

हणमंतराव : मॅडम, न्यायला येऊन राहिलो मी. धनगराला न्हाई देत आता. एक इचारायचं व्हतं. त्याला पथ्याचा भात कसा लागतो, मोकळा का मऊ?

डॉ. शिल्पा : मऊ. दूध-भात, थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. शिवकन्याताईंना सांगा.

हणमंतराव : तिला कशाला? मला सांगा. मीच घालणार हाय.

डॉ. शिल्पा : बरं. मग सकाळचा पहिला घास औषधानंतर.

हणमंतराव : थांबा, लिहून घेतो.