मागची लांब सीट

नाशिक. डायलिसिसच्या वेटिंगमधला बाक. निफाडच्या एक आजी, त्यांचा मुलगा कुंदन, कडेला मी.

— उद्या मोठी गाडी देऊन छोटी आणतोय, आई.

— मशीनवरून उठलं की मला बसवत नाय. मोठीत मागं आडवी पडून घरी जाते. त्या डबीत पाय कुठं ठेवू?

— पुढं बस, माझ्याशेजारी. सीट मागं झुकते.

— झुकणं म्हंजे आडवं पडणं नाय. मोठीला काय झालंय?

— अठरा वर्षं झाली तिला.

— मला अडुसष्ट झाली. मलाबी बदलून आण.

— आई!

— मग खरं सांग.

— मंगळवारी ओझरजवळ तुला चार हाका मारल्या मी.

— डोळा लागला होता.

— मला काय माहीत? आरशात नुसता पदर दिसत होता. हात मागं पुरेना. गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, तुझ्या नाकाशी बोट धरलं, तोवर... छोटीत हाताशी असशील.

— म्हंजे निफाडपर्यंत बोलत ऱ्हावं लागंल.

— नुसतं ‘हूं’ म्हटलंस तरी चालेल.