मापाच्या वहीतला दीड इंच

आदरणीय अध्यक्षा मुख्याध्यापिकाबाई, व्यासपीठावरचे दवाखान्याचे मोठे डॉक्टर, आपल्या भागातून निवडून गेलेले सभासद साहेब, ज्यांना बदलीचा निरोप द्यायला आपण जमलो त्या सिस्टरबाई, आणि माझ्या वस्तीतल्या मंडळींनो,

सर्वांत आधी माफी. हे चार शब्द लिहायला मला पंधरा दिवस दिले होते आणि मी आज दुपारी लिहायला बसलो. शाळा अर्ध्यात सुटलेला माणूस मी, पण उशिराचं कारण ते नाही. कारण पुढे येईल. सून म्हणाली, "बाबा, छान बोला, मापं सांगत बसू नका." मी हो म्हटलं. पण टेलरने मापं नाही सांगायची तर सांगायचं काय?

सिस्टरबाई अकरा वर्षांपूर्वी आल्या, तेव्हा आपल्या रस्त्यावर भाजीची तीन दुकानं होती. आज एक आहे, तेही अर्धा दिवस बंद. बर्गर आणि तळलेल्या कोंबडीची मात्र मोजून नऊ. शाळेचा गणवेश मीच शिवायचो, त्यामुळे पोरांच्या कंबरा माझ्याच टेपखालून जायच्या. नात माझी गुटगुटीत. वर्षात तीनदा तिच्या स्कर्टची शिवण उसवून सोडली आणि गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगितलं, "अंगी लागतंय हो पोरीच्या!" सिस्टरबाईंनी तिचं रक्त तपासलं. दहाव्या वर्षी साखर. मी त्यांच्याशीच भांडलो. "म्हाताऱ्यांचा आजार पोरीला कसा होईल? तुमचं यंत्र बिघडलंय!" त्या म्हणाल्या, "मास्तर, यंत्र तुमच्यावर लावून बघू?" लावलं. यंत्र ठीक होतं.

मग त्या नगरपालिकेच्या कचेरीत गेल्या. म्हणाल्या, या वस्तीत आता बर्गर-कोंबडीचं नवं दुकान नको. तिथल्या साहेबांनी विचारलं, पुरावा काय? दवाखान्याची नोंद तीनच वर्षांची. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

"मास्तर, जुनी मापं ठेवता का हो?"

"अठरा वर्षांची वही आहे. पण त्यात कंबरांशिवाय काही नाही."

"मला कंबराच हव्यात."

आठ दिवस त्या माझ्या दुकानात स्टुलावर बसल्या. दरवर्षीची पाचवीची पोरं वेगळी काढली. पूर्वी सरासरी बावीस इंच, आता सव्वीस. तो तक्ता कचेरीत लागला आणि दोन वर्षांची बंदी आली. टाळ्या तुम्ही वाजवल्या होत्या, आठवतं ना? सगळ्यांनीच नाही. पॅकिंगच्या कारखान्यात दोन पाळ्या करणारी एक आई मला म्हणाली, "घरी आल्यावर स्वयंपाक कोण करणार, मास्तर, तुम्ही?" तिचंही खोटं नव्हतं.

आता दोन वर्षं सरली. शाळेसमोरच्या गाळ्यात नव्या बर्गरवाल्याच्या लाल खुर्च्या येऊन पडल्यात, काचेला कागद लावलाय. बंदी वाढवायची की उठवायची, त्याची सुनावणी सोमवारी आहे. दुकानवाल्या कंपनीच्या वकिलाचं पत्र मला आठ दिवसांपूर्वी आलं: तक्ता नको, मूळ वही आणा.

अध्यक्षाबाई, दोनच मिनिटं. घंटा वाजवू नका.

मी वही काढली, पुसली, चाळली आणि शेवटच्या पाच वर्षांच्या पानांवर अडकलो. शिवणीच्या आत आम्ही जादा कापड सोडतो, पोरगं वाढलं की उसवायला. त्याला आम्ही माया म्हणतो. पूर्वी मी अंगाचं माप लिहायचो आणि कापताना माया धरायचो. पाच वर्षांपूर्वी माझी नजर अधू झाली आणि कापायला सून बसली. ती माया धरायला विसरायची. रोजची कटकट नको म्हणून मी वहीतच दीड इंच वाढवून लिहायला लागलो. सवयच झाली. सिस्टरबाई वही उतरवत होत्या, तेव्हा मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होतो. मला आठवलं नाही. देवाशपथ आठवलं नाही.

म्हणजे सव्वीस खोटं. साडेचोवीस खरं.

साडेचोवीस म्हणजेसुद्धा अडीच इंच वाढ आहे, मंडळी. ती खरी आहे. पण वकील काय म्हणेल? म्हणेल, वहीच खोटी. म्हणेल, सिस्टरने आकडे फुगवले. या बाईंनी कधी चिमूटभर खोटं लिहिलं नाही, आणि जाता जाता त्यांच्या नावाला माझ्या पेन्सिलीचा डाग? म्हणूनच हे भाषण आज दुपारपर्यंत लिहवलं नाही. एकदा वाटलं, वही चुलीत घालावी आणि सांगावं, उंदरांनी खाल्ली. सून म्हणाली, "उंदीर काय फक्त शेवटची पाच वर्षं खातात, बाबा?" मग मी त्या पाच वर्षांच्या प्रत्येक मापापुढे लाल पेन्सिलीने लिहिलं, यातला दीड इंच मायेचा. खाली सही केली. वही आत्ता या पिशवीत आहे.

सिस्टरबाई, हे तुम्हाला एकटीला आधी सांगायला हवं होतं. तीनदा दवाखान्याच्या पायरीपर्यंत आलो आणि परत फिरलो. आज इतक्या लोकांसमोर सांगतोय, कारण इथून मला पळता येणार नाही.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. आता पस्तावत असतील. आनंदाच्या कार्यक्रमात नको ते बोललो, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या.

सोमवारी अकरा वाजता वही घेऊन मी जाणार, हे नक्की. पण साहेबांसमोर माझी बोबडी वळते. मायेचा हिशेब मी सांगेन, पण अडीच इंचांनी पोरीच्या शरीरात काय होतं, ते मला सांगता येणार नाही. ते तुम्हालाच येतं. तुम्ही शनिवारी नव्या ठिकाणी हजर होणार. लगेच सोमवारची रजा मिळेल का? की रागावलात, आणि येणारच नाही? काय असेल ते उद्यापर्यंत कळवा. सुनेच्या फोनवर कळवा, मला नीट ऐकू येत नाही. नाही म्हणायचं असेल तरी कळवा, पण लवकर कळवा.