झहूरचा फ्रान्स

नाय, वही देणार नाय. परत फोटो काढायला पण देणार नाय, एकदा काढलेत ना त्यानं. झहूरनं पाठवलं ना तुला — मग झहूरलाच पाठव, म्हणावं चाची बोलावतेय, पाय मोडले नायत ना अजून — मोडतील, पण ते फ्रान्सात. बस तू. उभ्या उभ्या काय ऐकतेस? बिस्कीट घे. घे गं, त्यात काय टाकलेलं नाय. चाचीच्या घरचं काय तोंडात घालू नकोस म्हणाला असेल — म्हणाला ना? बघ, हसलीस! एकदा, अगं एकदाच त्याच्या चहात मीठ टाकलं होतं मी, आणि मेला अख्खा कप प्यायला, चाचीला वाईट वाटेल म्हणून. वीस वर्षं झाली, अजून सगळ्या कुवेतला सांगत फिरतो. त्याचं पुस्तक छापतायत ना, जलीबमध्ये, त्या दुकानातली तू — असू दे, असू दे, सांगू नकोस, पिशवीतल्या कागदांवरनंच ओळखलं मी. बघू. अगं बाई, काय गुळगुळीत कागद! चष्मा कुठं गेला — हां. मी चौथी शिकलेली, ती पण मास्तरांनी ढकलली म्हणून, पण मोठी अक्षरं येतात मला. 'फ्रान्स सायकल सफर. मार्गाची आखणी — झहूर.' झहूर! आणि हा फोटो. पन्नाशीचा बाप्या, ती घट्ट चड्डी, डोक्यावर ते टरबुजाचं साल — दर शुक्रवारी पहाटे आठ जणांना घेऊन फिंतासहून शर्कपर्यंत समुद्राच्या कडेनं जातो आणि मच्छी बाजारापाशी फोटो काढतो. सपाट रस्ता, एक चढ नाय. त्याच्यावर हा निघाला फ्रान्स जिंकायला.

आता ऐक, आलीच आहेस तर. ही वाट आदिलच्या अब्बांची. माझ्या नवऱ्याची. आदिल म्हंजे माझा मुलगा, हे घर त्याचं. त्याचे अब्बा एका फ्रेंच साहेबाकडं गाडी चालवायचे, स्वयंपाक पण करायचे, एकवीस वर्षं. एका उन्हाळ्यात साहेबानं त्यांना आपल्या गावी नेलं, सोम्यूर म्हणून गाव आहे, नदीकाठी. तिथं साहेबाच्या बापाची जुनी सायकल होती. साहेब म्हणाला, आठ दिवस सुट्टी घे, जा फिरून ये. आणि हा माणूस गेला! श्रीवर्धनच्या बाहेर कधी सायकल मारली नव्हती, लुंगी नाय नेली म्हणून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, कॅरेजला पाव-चीज बांधून, नदीच्या कडेकडेनं निघाला. डोंगर पोखरून केलेली घरं बघितली. नदीवर पूल आणि पुलावर राजवाडा, तो बघितला. आणि सगळं वहीत लिहिलं — कुठल्या गावात पाववाला सोमवारी बंद, कुठं कुत्रा सोडलेला असतो, कुठं देवळाच्या मागनं वळायचं. पाणी कुठं मिळतं ते पण. तिकडं म्हणे कबरस्तानात नळ असतो, फुलांना पाणी घालायला. तर लिहिलंय, 'आधी सलाम करा, मग बाटली भरा.' ख्रिस्ती मयतांना सलाम! असा माणूस.

तर ईदेचं जेवण होतं, ह्याच हॉलमध्ये, तीस माणसं. आदिलचे अब्बा सांगत होते, शांबोर म्हणून राजवाडा आहे, त्यात दोन जिने एकमेकांत गुंडाळलेले, एकावरनं तू चढ, दुसऱ्यावरनं मी उतरते, आपण दोघी एकमेकींना दिसू पण भेटणार नाय. आणि झहूर — हा ह्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा पोरगा, ह्यांनीच त्याला व्हिसा काढून इथं आणला — तो मोठ्यानं म्हणतो, 'यूसुफचाचा, साहेबाच्या कपाटातली बाटली उघडली होती वाटतं? तुम्ही फ्रान्सला गेलात ते किचनमध्ये, किचनचे दोन दरवाजे बघून आलात!' तीस माणसं हसली. पोट धरून हसली, बिर्याणी उडाली एकाच्या तोंडातनं. आदिलचे अब्बा पण हसले जरासे. मग त्यांनी पाणी प्यायलं, आणि त्या दिवसानंतर — कसम सांगते — फ्रान्स हा शब्द त्यांच्या तोंडून नाय निघाला. बारा वर्षं. मरेपर्यंत.

आणि चाळिसाव्याला हाच आला, मान खाली घालून. 'चाची, चाचांची आठवण म्हणून वहीचे फोटो काढू?' मला काय ठाऊक? काढ म्हटलं. आणि मागच्या रमजानात रोजा सोडायला बोलावला, तर हा त्या टीव्हीला फोन जोडून इंटरनेटवरनं दाखवत बसला. चाची, बघा माझा रूट! बघते तर काय — गाव निघालं. दुसरं गाव निघालं. देवळामागचं वळण निघालं. पुलावरचा राजवाडा निघाला, तस्साच. आणि तो जिना — अगं तो जिना निघाला! दोन जिने, एकमेकांत गुंडाळलेले, माणसं चढतायत उतरतायत. माझ्या हातातला खजूर हातातच राहिला. मी झहूरच्या तोंडाकडं बघत बसले, म्हटलं आता बोलेल. आता म्हणेल, चाची, चाचा खरं बोलत होते. तो म्हणतो, 'मस्त आहे ना?' मस्त! त्यानं माझ्या डोळ्यांत नाय बघितलं, म्हंजे कळलं होतं त्याला. कळलं होतं आणि गिळलं.

मग मी पण गिळलं. काय गिळलं, सांगू? सांगतेच, तू काय छापणारी, तुला काय त्याचं. जरा जवळ ये. त्याचा नकाशा बघता बघताच मला दिसलं. ही वाट उलटी आहे. अख्खी! अगं ती वही इथल्या बकाल्यातली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडची, अरबी शाळेतल्या पोरांची. ती उजवीकडून उघडते. आदिलचे अब्बा मदरशात शिकलेले, पुस्तक उजवीकडूनच उघडायची सवय, लिहिलं मराठीत पण पानं उलटली अरबीसारखी. तारीख नाय, नंबर नाय, एका पानावर एक गाव. आणि झहूर इंग्लिश शाळेतला शहाणा — मराठी दिसली, म्हटलं डावीकडून सुरू. शेवटचं पान पहिलं, पहिलं पान शेवटी! तिकिटं तशी, राहायच्या जागा तशा, सगळं उफराटं ठरवून बसलाय. त्यात काय बिघडलं? अगं पोरी, तिकडं वारा समुद्राकडनं येतो. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'ह्या बाजूनं निघा, आठही दिवस वारा पाठीला.' ते पान झहूरचं शेवटचं, आणि तो गावं नि वळणं तेवढी उचलतो, बाकीचं वाचतोय कुठं! तो आठ दिवस छातीवर वारा घेऊन रडत जाणार आणि मुक्कामाला पोचल्यावर वाचणार — वारा पाठीला! आणि पाणी. 'इथं बाटल्या भरून घ्या, पुढं नुसती सूर्यफुलं, माणूस नाय, नळ नाय.' हे त्याला कधी कळणार? सूर्यफुलं संपल्यावर, जीभ बाहेर आल्यावर! इथं तोझ उठली, धूळ आली, तर घरातनं पाय काढत नाय तो. मला रात्री झोप येईना हसून. सून विचारते, अम्मी बऱ्या आहात ना? म्हटलं, इतकी बरी मी दोन वर्षांत नव्हते.

तू हसत नायस.

काय? कुठल्या आठ जणांत? तू? तू छापणारी ना — मग ही पिशवी? झहूरनं दिली. अरे देवा. अगं मग आधी नाय का बोलायचं! मी बोलूच दिलं नाय, हो, ते खरं. तू बँकेत, आणि नवरा पण येतोय. तुला तर चढावर दम लागेल, एवढीशी तू. आता काय करायचं तुझं? नाय, त्याला फोन नाय करायचा. ठेव तो. खाली ठेव. अजून दहा दिवस आहेत, तिकिटं बदलता येतात, आदिलचं कामच ते, रोज बदलतो. पण मी सांगते तसं. शुक्रवारी निरोपाचं जेवण आहे ना तुमचं, तीच माणसं येणार, ईदेची. तिथं झहूरनं उभं राहायचं. खाता खाता नाय, उभं राहून, मोठ्यानं — त्या दिवशी जेवढ्या मोठ्यानं बोलला तेवढ्याच. ही वाट यूसुफचाचांची. चाचा खरं बोलत होते, मी हसलो. आणि पुस्तकावरनं आपलं नाव काढायचं. केलंन तर वही मी स्वतः आणून देईन, पानापानावर बोट ठेवून सांगेन. नाय केलंन तर जा म्हणावं वाऱ्यात. एवढंच. फार मागतेय का मी?

त्या ईदेला मी कुठं होते म्हंजे? इथंच होते, कुठं असणार? ताटं वाढत होते. मी काय बोलणार, बाप्यांच्या मध्ये? नाय, बोलले तशी. मीच म्हटलं ह्यांना, जिन्याचं सांगा ना, जिन्याचं. ते नको म्हणत होते. मी म्हटलं, सांगा हो, सगळे ऐकतायत — आणि झहूरला डोळा मारला. अगं गंमत म्हणून! मला सवयच तसली, चहात मीठ टाकणारी बाई मी. मला वाटायचं हे थापा मारतात, नवरे मारतातच, आणि थाप चांगली होती, म्हटलं सगळ्यांना ऐकू दे. झहूर काय बोलेल ते मला थोडंच — आणि बोलला तेव्हा हसू आलं. सगळ्यांच्या आधी आलं. माझंच ऐकून बाकीचे हसले, म्हणतेस? मी नाय तसं म्हटलं. तू म्हणतेयस.

आणि रात्री भांडी घासताना ते मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, तुला तरी खरं वाटतं ना? मी म्हटलं, ते ताट द्या इकडं.

काय? मी? मी कशाला उभी राहू शुक्रवारी? मी घरातली बाई, चौथी शिकलेली, माझं कोण ऐकणार? त्यानं बोलायचं, त्यानं चोरली वाट. मी काय चोरलं? असं बघू नकोस माझ्याकडं. काल आलेली पोरगी, मला शिकवतेस? आधी चाची, मग तो, म्हणे — हे काय भाजी निवडणं आहे, आधी कोण नि नंतर कोण? नाय. नाय म्हटलं ना. जा, सांग त्याला, सांगायचं तर. सगळं सांग, डोळा मारला ते पण सांग, त्याला आठवत असेलच. नायतर नको सांगू. तुझ्या तंगड्या, तुझा वारा. ऊठ. माझी असरची नमाज राहिलीय. बिस्कीट ठेव ते खाली, अर्धं खाऊन हातात काय धरून बसलीस? ऊठ. आणि दार ओढून घे जाताना — जोरात, ते नीट लागत नाय.