फडक्याखालचं घड्याळ

आजच्या समारंभाच्या सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील संस्थेचे चिटणीस व इतर मान्यवर, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि या एवढ्या सगळ्यांना एकाच दिवशी एका छपराखाली आणण्याची किमया ज्यांनी केली त्या आपल्या बाई, तसंच बाईंच्या शेजारी बसलेली त्यांची लेक,

सूत्रसंचालकांनी मला बजावलंय, "सर, दहा मिनिटं." वेळेच्या बाबतीत माझ्यावर विश्वास टाकू नये हे त्यांना अजून ठाऊक नाही. थोड्या वेळात कळेल.

आपल्या कलाशाळेत शिकवणाऱ्या चार बाई आहेत. पण आवारात कुणी नुसतं "बाई" अशी हाक मारली, तर त्या चौघींपैकी एकही मागे वळून बघत नाही. कारण ती हाक कुणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पगारपत्रकात यांचं पद 'मॉडेल' असं का असेना, एकतीस वर्षं मुलांनी त्यांना बाईच म्हटलं, आणि मुलं अशा बाबतीत सहसा चुकत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेवर त्यांना 'सत्कारमूर्ती' म्हटलंय. छापण्याआधी मला विचारलं असतं, तर मी तो शब्द बदलायला सांगितला असता. एकतीस वर्षं मूर्तीसारखं बसून झाल्यावर निरोपाच्या दिवशी तरी त्या माणसाला मूर्ती म्हणू नये.

माणसाचं शरीर हा चित्रकलेतला सर्वांत जुना आणि सर्वांत अवघड विषय आहे, असं मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात. विषय! किती सोयीचा शब्द आहे बघा. विषयाच्या पायाला मुंग्या येत नाहीत, विषयाला तहान लागत नाही, विषयाला घरी जाऊन स्वयंपाक करायचा नसतो. बाईंनी आम्हाला काय शिकवलं? भार एका पायावर टाकला की कंबर कुठे जाते, थकलेल्या माणसाची पाठ आणि कंटाळलेल्या माणसाची पाठ यांत फरक काय, गळ्याजवळचं हाड श्वासाबरोबर किती हलतं. हे कुठल्या पुस्तकात मिळत नाही. कपड्यांविना उभं राहण्याच्या या कामाला बाहेर लोक काय म्हणत आणि बाईंना काय काय ऐकून घ्यावं लागे, ते मी इथे उगाळत नाही. एवढंच म्हणतो, की लाज त्यांना वाटावी अशी सगळ्यांची अपेक्षा होती, आणि ती वाटायला हवी होती दुसऱ्याच कुणाला. अंगात शर्ट होता त्याच्या.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जिन्याच्या पहिल्या वळणावर कोळशाने काढलेलं एक मोठं चित्र टांगलेलं असतं. पाठमोरी नाही, पूर्ण समोरूनही नाही, किंचित वळून उभी असलेली स्त्री, उजवा हात उंच वर, कशाला तरी थोपवून धरल्यासारखा. खाली माझं नाव आणि पदकाचं वर्ष. आपल्यापैकी प्रत्येकाने ते येता-जाता पाहिलंय. आणि त्याची गोष्टही प्रत्येकाने माझ्याच तोंडून ऐकलीय. मी शेवटच्या वर्षाला होतो, बाई नवीन लागल्या होत्या, तिसरा दिवस. वर्ग घेणारे आमचे मास्तर कार्यालयात फोन आला म्हणून गेले. जाताना त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या बोर्डाच्या काठावर ठेवलं आणि म्हणाले, "वीस मिनिटं झाली की यांना विश्रांती दे. विसरू नकोस." आणि मी चित्रात इतका बुडून गेलो, की मला वेळेचं भानच राहिलं नाही. एक तास दहा मिनिटं! बघा मुलांनो, याला म्हणतात तल्लीनता.

ही गोष्ट मी सव्वीस वर्षं सांगतोय. कित्येक तुकड्यांनी तिच्यावर टाळ्या वाजवल्यात. काही पालकांनीही वाजवल्यात.

मंडळी, मला वेळेचं भान राहिलं होतं.

वीस मिनिटं झाली तेव्हा मी घड्याळ बघितलं. पस्तीस झाली तेव्हाही बघितलं. तोपर्यंत वर्गातल्या इतर सगळ्यांसारखंच माझंही चित्र बेताचं होतं, पुतळा उभा केल्यासारखं. पण साधारण चाळीस मिनिटांनंतर तो हात थरथरायला लागला. खांद्याचा स्नायू कातडीखाली उड्या मारायला लागला, मानेची शीर वर आली, आणि माझ्या कागदावर एकदम काहीतरी घडायला लागलं. मी ती थरथर काढली. एका रेषेच्या जागी चार रेषा आल्या. पुढे परीक्षकांनी त्यालाच 'रेषेतला जिवंत कंप' म्हटलं. माझ्या मागच्या मुलाने हळूच विचारलं, "अरे, वेळ झाली नाही का?" मी म्हटलं, "अजून आहे." आणि घड्याळ सारखं डोळ्यांत खुपत होतं, म्हणून कोळसा पुसायचं फडकं उचललं आणि त्याच्यावर टाकलं.

तल्लीन झालेल्या माणसाला घड्याळ झाकावं लागत नाही.

शेवटी मी "झालं" म्हणालो, तेव्हा बाईंचा हात आपोआप खाली आला नाही. त्यांनी डाव्या हाताने तो धरून खाली घेतला. हे मी पाहिलं, आणि खाली वाकून चित्रावरची भुकटी फुंकायला लागलो. त्या चित्राने मला पदक मिळवून दिलं, पदकाने नोकरी, आणि नोकरीने हळूहळू ही खुर्ची.

हे मी कधी सांगितलं असतं का? खरं सांगायचं तर नाही. मी ते स्वतःलाही सांगत नव्हतो. तल्लीनतेची गोष्ट सांगून सांगून मलाच ती पटली होती. पण गेल्या पंधरवड्यात या समारंभासाठी बाहेरच्या व्हरांड्यात प्रदर्शन मांडायचं ठरलं. बाईंना समोर बसवून मुलांनी काढलेली एकतीस वर्षांची चित्रं आम्ही कपाटांतून काढली आणि जमिनीवर पसरली. शिपाई आणि मी. काही कागदांना वाळवी लागली होती, काही उत्तम होते. मी कौतुकाने बघत गेलो, आणि नंतर खटकायला लागलं. बसलेली बाई, आडवी झालेली बाई, खिडकीशी उभी असलेली बाई, शेकडो कागद, आणि उजवा हात एकाही चित्रात खांद्याच्या वर नाही. डावा आहे. डोक्यामागे आहे, कपाळावर आहे. उजवा कायम मांडीवर, नाहीतर कमरेवर. मला आठवलं, मी कधी म्हटलं की "बाई, आज उजवा हात जरा वर घेऊ या का," तर त्या म्हणायच्या, "नको सर, असाच बरा आहे." मी म्हणायचो, बरं.

त्याच दिवशी बाईंची लेक जुने फोटो द्यायला आली होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, आईचा खांदा दुखतो का गं? ती म्हणाली, "दुखत नाही, वर जातच नाही. मी लहान असल्यापासून तसाच आहे. आमच्या घरी वरच्या फळीवर कधी काही ठेवलेलंच नाही, सर. माझी वेणीसुद्धा आई मला जमिनीवर बसवून घालायची." तिला काही माहीत नव्हतं. ती अगदी हसत सांगत होती. मी तिला चहा विचारायचंही विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी मॉडेलच्या खोलीत गेलो. बाई डबा खात होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "बाई, त्या दिवशी मला वेळेचं भान..." त्यांनी घास हातातच ठेवला आणि म्हणाल्या, "होतं की. तुम्ही फडकं टाकलंत ना घड्याळावर."

त्यांनी पाहिलं होतं. हात वर होता, पण तोंड माझ्याच दिशेला होतं. कसं नसणार? मीच तर ते काढत होतो.

"मी श्वास मोजते," त्या म्हणाल्या. "तीनशे झाले की वीस मिनिटं होतात. त्या दिवशी तीनदा तीनशे झाले, मग मोजायचं सोडलं."

"मग हात खाली का नाही केलात?"

"तिसरा दिवस होता, सर. खाली केला असता आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले असते तर? लेक दोन वर्षांची होती. आणि मला वाटलं, पोरगा एवढा मन लावून काढतोय, होतच आलं असेल."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंत."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मग तुम्ही सर झालात. मग मोठे सर झालात. मग म्हटलं, आता राहू दे." आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

मला त्या क्षणी त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. पण आणखी एक विचारायचं होतं. सत्कार समितीने बाईंना भेट म्हणून तेच चित्र द्यायचं ठरवलंय. ते बघा, टेबलावर रंगीत कागदात बांधून ठेवलंय. आश्चर्याचा सुखद धक्का म्हणून! मी बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मला नको ते. घरी रोज बघायचं, की रोज खांदा आठवायचा? तुमच्याकडेच राहू दे, जिन्यात. पण पोरांना ती तल्लीन-बिल्लीनची गोष्ट पुन्हा सांगू नका." तेव्हा ते पुडकं आज उघडलं जाणार नाही. समितीने रागावू नये, दोष माझा आहे.

मग भेट काय देऊ, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या जागेवर नवीन बाई येतेय ना? तिच्या समोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ लावा. तिला दिसेल असं. आत्तापर्यंत ते पोरांच्याच बाजूला असायचं." एकतीस वर्षांत हे आमच्यापैकी एकाही शिकलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. काल ते लावलं. स्टुलावर मी स्वतः चढलो, एवढं सांगण्याचा मोह आवरत नाही. बघा, अजून खोड जात नाही.

आता समारोप. सन्माननीय अध्यक्षांनी आणि सभागृहाने मला इतका वेळ ऐकून घेतलं याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, मानपानात काही उणं-अधिक झालं असेल, तर आपण सर्वांनी ते पदरात घ्यावं.

बाईंची क्षमा मात्र मी इथून मागणार नाही. एवढ्या लोकांदेखत मागितली, तर त्यांना उठून "असू द्या, सर" म्हणावंच लागेल, आणि त्या म्हणतीलही, कारण त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. स्वतःच्या सोयीसाठी मी त्यांना एकदा ताटकळत ठेवलंय. पुन्हा नको. ती मागायला मी त्यांच्या घरी जाईन, आणि त्यांनी दार उघडलं नाही तर परत येईन.

पत्रिकेत माझ्यानंतर 'सत्काराला उत्तर' असं छापलेलं आहे. बाई, त्यात माझ्याबद्दल काही चांगलं बोलायचं ठरवून आला असाल, तर कृपा करून तेवढं गाळा.

धन्यवाद.