पुढच्या चाकांखालचे दगड

मी, मथुराबाई कोम विठोजीराव मोहिते, वय ३८, धंदा फुलांच्या माळा विकणे, राहणार चामराजपेट, बेंगळूर, समक्ष ठाण्यात येऊन सांगते की,

माझे पती विठोजीराव यांचा माल वाहायचा टेम्पो होता. दर आयुधपूजेला, म्हणजे आमच्या खंडेनवमीला, ते मागच्या डिफरन्सलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरपेटीचं, तेल बदलत. यंदा, १९९४ सालीही सकाळी गल्लीत मागचं एक चाक जॅकवर उचललं. एक चाक असं उचललं की गाडी गिअरात टाकूनही थांबत नाही, डिफरन्सल तिला मोकळी सोडतं. हँडब्रेक कधीचाच गेलेला, गल्लीला स्वल्प उतार. म्हणून त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांखाली दगड लावले होते.

सुटं तेल मी आणलं होतं. जुनं सोडून झाल्यावर त्यांनी नवं बोटांवर चोळून पाहिलं. म्हणाले, "हे एकशेचाळीस नंबरचं दिलंय. आपल्याला नव्वद लागतं. जा, बदलून आण." मी चिडले. "सणाचा दिवस, दुकान बंद होईल. घाला की हेच, गाडी काय चव बघणार आहे?" ते गाडीखालूनच हसले. "ती बोलत नाही म्हणून काहीही पाजायचं का गं?" मी कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत पाय आपटत गेले. तेवढंच बोलणं झालं.

परत आले तर टेम्पो पुढे सरकलेला, जॅक आडवा. हे खालीच होते. शेजाऱ्यांनी गाडी उचलून यांना बाहेर काढलं. जीव राहिला नव्हता.

दगडांचं हवालदार विचारतात म्हणून सांगते. दोन्ही दगड भिंतीकडेला नीट ठेवलेले होते. चाकांखाली लिंबं चिरडलेली. सासूबाई गोजराबाई दरवर्षी तिथे लिंबं ठेवतात. त्यांना अंधुक दिसतं. मुलगा मागे गाडीखाली आहे हे त्यांना कळलं नाही. ते दगड मीच परसात नेऊन टाकले.

जॅक सटकला, असं मी सासूबाईंना सांगितलं आहे. "तेलाला तू गेली नसतीस तर माझा विठू वाचला असता," असं त्या उठता-बसता म्हणतात. म्हणू देत. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. नव्वदचा डबा अजून उंबऱ्याशी आहे.

हे सर्व मी मराठीत सांगितलं, हवालदार मल्लाप्पा यांनी लिहून घेतलं व मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे. आमच्या घरी येऊन हे कुणाला वाचून दाखवू नये.