सात रंगांची दुमड

नाही हो, नवीन कुठला, जुनाच — जुनाच झगा घालून लग्न करणार आहे आमची लेक, येत्या रविवारी — आणि हलू नका, पायाशी टाचण्या आहेत, पँट एकदा कापली की लांब करून देणारं दुकान अजून निघालेलं नाही. सरळ उभे राहा स्टुलावर. आरशात बघा, माझ्याकडे नको. तर दाराशी एवढ्या सतरंज्या कसल्या विचारत होतात ना — त्या लग्नाच्या. रेट्रो बोहेमियन लग्न! तुमच्या वयाच्या सगळ्यांना माहीत असतं, मलाच माहीत नव्हतं, मला आधी वाटलं जागेचं नाव असेल. तर तसं नाही — म्हणजे काय, की हॉल नको, गवतावर बसायचं, बशा एकीसारखी दुसरी नको, खुर्च्या रंग उडालेल्याच हव्यात, बाटल्यांमध्ये वाळकं गवत खोचायचं, आणि दोरीला गाठी मारून मारून केलेली ही लांबच लांब झालर झाडाला टांगायची. मी म्हटलं, अगं, लग्न करतेयस की घर बदलतेयस? हसली नाही. हल्ली माझ्या कशालाच हसत नाही ती.

वळा जरा. हं, आता दुसरा पाय. राग कशाचा येतो सांगू का — जन्म गेला माझा लोकांचं फाटलेलं दिसू नये म्हणून, आणि माझ्याच लेकीला फाटलेलं दिसायला हवंय. टेबलांवरची कापडं मी कडक इस्त्री करून ठेवली, तर तिनं परत पाण्यात बुचकळून, पिळून, तशीच वाळत टाकली, चुरगळलेलीच छान दिसतात म्हणे. त्यात घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं — विहीणबाईंनी अकरा सतरंज्या पाठवल्या, त्यातल्या एकीवर मांजर व्यायलं असावं असा वास येतो. आणि जावई अनवाणी उभा राहणार. म्हटलं, काटाबिटा रुतला तर? तर म्हणतो, रुतू द्या. रुतू द्या! मी गप्प बसते हो, लोकांना वाटतं मी फार बोलते.

तर झगा. माझाच आहे, माझ्या लग्नातला, एकतीस वर्षांपूर्वीचा — कोपरापासून खाली घंटेसारख्या रुंद बाह्या, गळ्याला हातानं विणलेली जाळी. लेकीनं ट्रंकेतून काढला आणि अंगाला लावून नाचायलाच लागली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याची खालची दुमड — म्हणजे जिथं आता तुमच्या पँटला मी टाचण्या लावतेय ना, तीच — ती वाकडी होती. नुसती वाकडी नाही, सात रंगांच्या दोऱ्यांनी घातलेली, एक टाका बोटभर, एक टाका तांदळाएवढा. ताईनं घातली होती. माझी थोरली बहीण. हे दुकान दोघींचं होतं तेव्हा, ते कोपऱ्यातलं झाकलेलं मशीन तिचंच. तर गेल्या गुरुवारी दुपारी लेक बाहेर गेली, झगा समोर टेबलावर, आणि माझे हात शिवशिवायला लागले. उसवली सगळी दुमड. आणि नवीन घातली, अशी घातली की टाका शोधून दाखवा. तासाभरात काम. मला वाटलं, बघेल आणि गळ्यात पडेल.

दुखलं का? टोचलं असेल, रक्त नाही आलं ना, मग झालं. — लेक ओरडली असती तर मी पण ओरडले असते, फिटंफाट झाली असती. ओरडली नाही. त्या चिंध्यांच्या टोपलीत हात घालून एकेक दोरा वेचत बसली, लाल, निळा, पिवळा, सगळे एका पाकिटात भरले आणि म्हणाली, "आई, तेवढंच तर मला हवं होतं."

आता तुम्ही म्हणाल, सवयीनं झालं, शिवणाऱ्या बाईचे हात. मी पण तिला हेच सांगितलं. पण तसं नाहीये ते. लग्नाला ताई येणार आहे. लेकीनं बोलावलंय, तिची मावशीच ती, शाळेतून येताना रोज तिच्याकडे थांबायची, मला न सांगता. चार गल्ल्या सोडून राहते ताई, आणि एकतीस वर्षांत या दुकानाची पायरी चढलेली नाही. ती पहिल्या रांगेत बसणार आणि तिच्या डोळ्यांसमोरून ती दुमड जाणार — नको वाटलं मला. माझ्या लग्नात कुणीतरी हसून म्हणालं होतं, शिवणारीच्याच झग्याची शिवण वाकडी? आणि मी, भरल्या मांडवात, ताई दोन हातांच्या अंतरावर उभी असताना म्हणाले, "माझं चांगलं झालेलं ताईला बघवत नाही." तिचं लग्न झालेलं नव्हतं. पुढेही झालं नाही. जिभेला हाड नाही म्हणतात ना, ते हे. आदल्या दिवशी मशीनची सुई तिच्या नखातून आरपार गेली होती, पांढरा दोरा संपला होता, दुकानं बंद, म्हणून डब्यात उरलेले रंग घेऊन एका हातानं घातले होते तिनं ते टाके. मला नंतर कळलं असं मी सगळ्यांना सांगते. नंतर नाही हो. पट्टी बांधलेलं बोट मला मांडवातच दिसत होतं.

आणि ताईनं यातलं लेकीला काही सांगितलं नाही, एवढ्या वर्षांत एका शब्दानं नाही. रंग उरले होते म्हणून घातले, इतकंच म्हणे. याचाच जास्त राग येतो. सांगून टाकलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

झालं, उतरा. सावकाश. पडद्याआड जा आणि पँट टाचण्यांसकट काढा. — काय म्हणत होते — हां, तर लेक पाकीट घेऊन तिच्याकडे गेली. ताई म्हणाली, घालते परत, पण आता जवळचं नीट दिसत नाही, सुई ओवून द्यायला शेजारी कुणीतरी लागेल. तर लेक पाकीट माझ्या पुढ्यात ठेवून मला म्हणते, ते कुणीतरी तू. नाहीतर झगा नको, घरच्या कपड्यांत उभी राहते. मला अट घालते, मला! चार वाजता येते म्हणाली ताई. आत्ता किती झाले? — चार वाजून गेले? मग गेलं. नाहीच येणार ती, तिच्या जागी मी असते तर मी तरी कुठे आले असते. द्या इकडे पँट. उद्या न्या. पावती नको, माझ्या लक्षात राहतं.

थांबा. बाहेर कोण उभंय ते? केव्हापासून उभी आहे? — जा तुम्ही, जा आता, आणि जाताना तिला जरा हात द्या, पायरी उंच आहे.

ये, ताई. सुया ओवून ठेवल्यात. सातही.