टोचा, दोन सुया आणि आडवा पडलेला भाचा

—ओलांडून या, ओलांडून. घाबरू नका हो, जिवंत आहे. माझा भाचाच आहे तो, दुकानही त्याचंच. चक्कर आलीय नुसती. पाय खोक्यावर ठेवलेत मी, उठेल आपोआप. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होते, असे कितीतरी शिकाऊ डॉक्टर आडवे झालेले बघितलेत. बोला, काय हवंय? चामडं हातानं शिवायचंय? पहिल्यांदाच? मग बरोबर जागी आलात. तो बेशुद्ध आहे म्हणून कुणाचं काही अडत नाही.

हे काय उचललंत — बेचाळीस नगांचा संच? ठेवा, ठेवा खाली. त्यातली छत्तीस हत्यारं तुम्ही फक्त पाहुण्यांना दाखवाल. शिवायचंय काय ते सांगा आधी. पट्टा? कुत्र्याचा? ओढतं का फार? मग शिलाई पक्की हवी बाबा, नाहीतर पट्टा तुमच्या हातात आणि कुत्रं चौकात. सुया दोन घ्या — दोनच. बोथट टोकाच्या. हो, बोथटच, भोक पाडणं सुईचं काम नाही, ते टोच्याचं. दोरा एक, दोन्ही टोकांना एकेक सुई, आणि एकाच भोकातून ही इकडून, ती तिकडून. मधला एखादा टाका तुटला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. मला कसं माहीत? अहो, शिवायचे डॉक्टर, पण डोळे मलाही होते ना! चामड्याचं एक बरं असतं, मध्येच उठून ‘अजून किती टाके’ असं विचारत नाही.

दोरा हा मेण लावलेला. शिलाईच्या चौपट लांब कापायचा. भाचा तिप्पट सांगतो — सगळ्यांना नाही, एकीलाच सांगतो, मुद्दाम, म्हणजे पुरणार नाही आणि — जाऊ दे, मला काय करायचंय. बरं, सांगतेच. एक मुलगी येते दर गुरुवारी. घड्याळं दुरुस्त करते, त्यांचे पट्टे स्वतः शिवायचेत तिला. येते आणि एक सुई नेते. एक! सुई काय दूध आहे, रोज संपायला? आणि हा गाढव तिला इतक्या बारीक नेढ्याची देतो की दोरा जातच नाही, मग ती बदलायला येणार, मग दोरा आखूड पडला म्हणून येणार — सात महिने चाललंय हे! सात महिन्यांत त्या पोरीचा एक पट्टा पुरा झालेला नाही. आणि केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या पोरीला नेढं कळत नाही होय? कळतंय हो! दोघांनाही सगळं कळतंय, तोंडालाच तेवढे टाके घातलेत.

हा टोचा. मूठ तळहातात बसते का बघा. घरी नेऊन धार लावा, नव्याला चामड्यापुरती धार नसते, माणसापुरती असते. यानंच लागलं ना त्याला मघाशी. दाखवत होता टोचा, बघत होता तिच्याकडे, गेला अंगठ्यात. आपोआप. म्हणजे — मी मागंच उभी होते. हळूच म्हटलं, आज तू विचार, नाहीतर मी विचारते, आणि कोपर जरासं — अगदी जरासं लागलं असेल. बरं, ढोसलं! ढोसलं मी! मला काय ठाऊक, मोहरीएवढं रक्त बघून साहेब कोसळतील? तिनंच डोकं झेललं, नाहीतर या काउंटरवर आपटून खोक पडली असती. मग तिला पिटाळलं बँडेज आणायला. घरात एकही नाही म्हटलं. आहेत हो, कपाटभर आहेत! पण मी बांधून काय उपयोग? बांधायला तीच हवी ना.

हातोडी लाकडी घ्या, लोखंडी नको. चामडं धरायचा चिमटा? हा विकतो, पण तुम्ही घेऊ नका, देवानं दोन गुडघे दिलेत, त्यांत धरा. आणि काय — कोण खुसखुसलं? तुम्ही नाही? मग —

अगंबाई. तू कधी आलीस? मिळालं बँडेज? किती वेळ उभी आहेस तिथं? नेढ्यापासून? ... बरं. आणि तू रे — तुझे कान कशानं लाल झाले? माझ्या एकतीस वर्षांत एकही बेशुद्ध माणूस लाजलेला नाही. ऊठ! नको, पडूनच राहा. बस गं तू, खाली बस, हात धर त्याचा, वर धरायचा असतो. काय? काय विचारलंस त्याला? आणि तू नुसती मान काय हलवतोस, शब्दानं सांग की ‘हो’ म्हणून, इतकी वर्षं दुकान चालवतोस —

तुम्ही काय बघत उभे राहिलात हो? झालं तुमचं सामान. पिशवी कशाला, खिशात घाला सगळं. चला, मीही येते बाहेर. हळू... दार वाजतं ते.